डिकीमागची चौथी टाकी

कुंभार्ली घाटात बझर वाजला तेव्हा गाडीत चिपळूणला निघालेलं वऱ्हाड होतं आणि मागच्या सीटवर बायकांचे उखाणे रंगात आले होते. मे २०१४. गाडी म्हणजे १९९७ सालची लेलँड व्हायकिंग बस, माझ्याआधी दोन मालक बघून आलेली. हेळवाक सोडून उतार लागला तसा पुढे एक भरलेला ट्रक आला. त्याच्या मागे मागे मी चौथ्या गिअरमध्ये, दर वळणाला ब्रेकवर पाय टेकवत चाललो होतो. चूक माझीच. ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर, हे अण्णांनी मला परवाना मिळाल्याच्या दिवशी सांगितलं होतं.

अशा गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि टाकीतली हवा कमी झाली की बझर वाजतो. डॅशबोर्डवर हवेच्या मीटरला दोन काटे असतात. लाल आणि पांढरा, एक पुढच्या चाकांच्या हवेचा, एक मागच्या. माझ्या गाडीत पांढरा मागच्या चाकांचा. बझर झाला म्हणून खाली बघितलं तर लाल काटा साडेसहा किलो दाबावर आरामात बसलेला आणि पांढरा पाचाच्या खाली. पोटात गोळा आला. गाडी दुसऱ्यात घेतली, पुढच्या रुंद वळणावर कडेला लावली, हँडब्रेक ओढला. क्लीनर पोरगं उडी मारून मागच्या चाकाला दगड लावून आलं. टाक्यांत हवा भरणारा कंप्रेसर इंजिनवर चालतो, म्हणून मी जागेवरच इंजिन वाढवलं आणि काट्याकडे बघत बसलो. पांढरा काटा बघता बघता सातावर गेला.

तिथून पोफळीपर्यंत दुसरा गिअर सोडला नाही. खाली उतरल्यावर एका पाहुण्यांनी विचारलं, "काय ड्रायव्हर, मधेच चहाला थांबला होता काय?" मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कराडला घरी आलो आणि अण्णांना सांगितलं. अण्णा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. माझं सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं.

"काटा उतरला झटक्यात. आन् चढला कसा?"

"झटक्यातच चढला."

"मग गळती न्हाई. गळती आसती तर चढताना रडला आसता. भांडं लहान झालंय."

मला आधी कळलंच नाही. नंतर लक्षात आलं. टाकीत हवेला जागा कमी असेल तर चार वेळा ब्रेक मारला की प्रेशर ढासळतं, आणि भरायलाही वेळ लागत नाही. घागरीपेक्षा तांब्या लवकर भरतो आणि लवकर रिकामा होतो, तसं. टाकीत हवेची जागा खाणारी गोष्ट एकच, पाणी.

आता हे ऐकून मला राग आला, कारण टाक्यांचं पाणी मी सोडत होतो. रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा तरी. गाडीखाली वाकायचं, टाकीच्या बुडाशी असलेल्या ड्रेन वाल्वची कडी ओढायची, फुर्रर्र करून थोडं पाणी, थोडं तेल उडतं, मग कोरडी हवा आली की सोडून द्यायची. तीन टाक्या, तीन कड्या. पुढच्या डाव्या चाकामागे पहिली, तिच्यासमोर उजव्या चेसीला दुसरी, आणि चेसीच्या आडव्या दांड्याला, मेंबरला, टांगलेली एक छोटी.

"तीनच?" अण्णा म्हणाले. "आरं, हवेचा हँडब्रेक हाय ना तुझ्या गाडीला? मग तीन कशा? मोज परत."

मी गाडी घेऊन चाचांकडे गेलो. चाचा म्हणजे आमच्याकडचे ब्रेकचे मिस्त्री. हवेच्या ब्रेकशिवाय दुसऱ्या कामाला हात लावत नाहीत. त्यांच्या खड्ड्यावर गाडी घेतली, चाकांना लाकडी ठोकळे लावले आणि आम्ही दोघं खाली उतरलो. चाचांनी टाक्या शोधायला सुरुवातच केली नाही. बॅटरी मारून त्यांनी सिस्टिम प्रोटेक्शन वाल्व शोधला, म्हणजे हवा चार रस्त्यांना वाटून देणारा वाल्व, ज्याला ते नुसतं 'चारतोंडी' म्हणतात, आणि फडक्यानं त्याची मळी पुसली.

तोवर मला माहीत नव्हतं की या वाल्वांच्या अंगावर आकडे कोरलेले असतात आणि ते आकडे म्हणजे एक भाषा असते. १ म्हणजे आत येणारी हवा. २ ने सुरू होणारे सगळे बाहेर जाणारे रस्ते, म्हणून २१, २२, २३, २४. ३ म्हणजे बाहेर वातावरणात सुटणारी हवा. ४ म्हणजे हुकूम घेऊन येणारी नळी. कुठल्याही कंपनीचा वाल्व असो, ही भाषा तीच. चाचा इंग्रजी वाचत नाहीत, पण हे आकडे त्यांना पाढ्यासारखे पाठ.

"हे बघ. हितं एकावर तुझी पहिली टाकी येती, ओली टाकी. कंप्रेसरची हवा आधी तिच्यात थंड हुती. म्हंजे ती सोडून चार रस्ते. आता एकेक नळी धरून जा."

मी नळ्या धरून निघालो. एक नळी उजव्या टाकीकडे गेली, ती पुढच्या चाकांची. दुसरी छोट्या टाकीकडे, हँडब्रेकची. तिसरीला टाकीच नव्हती, ती थेट हॉर्न आणि दाराच्या सिलिंडरकडे पळाली होती. आणि २१ ची नळी मागे जाऊन एका पत्र्यात घुसली. पत्रा म्हणजे साइड डिकीची आतली भिंत. आधीच्या मालकानं यात्रेच्या सामानासाठी गाडीला वाढीव डिकी करून घेतली होती, आणि ज्या कुणी ती केली त्यानं चेसीच्या आतल्या अंगाला असलेली टाकी पत्र्यात चिणून टाकली होती. अनारकलीसारखी. वरून पत्रा, खालून पत्रा, आणि वरती ग्रीसचा नि चिखलाचा थर. खालून बघणाऱ्याला ती दिसायचं काही कारणच नव्हतं. मी गाडी घेतल्याला पाच वर्षं झाली होती. त्या आधी किती वर्षं ती तशीच होती, देव जाणे.

आणि गंमत बघा, लपलेली टाकी कुठली, तर मागच्या चाकांच्या ब्रेकची. भरल्या गाडीचं बहुतेक ओझं ज्या चाकांवर, त्यांची.

पत्रा कापायच्या आधी चाचांनी सगळी हवा उतरवली. इथं एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. हवा गेली की मागचे ब्रेक सुटत नाहीत, उलटे लागतात. मागच्या चाकांचा ब्रेक ओढणारा जो डबा असतो, डबल बूस्टर, त्यात एक दणकट स्प्रिंग दाबून धरलेली असते आणि तिला दाबून धरायचं काम हवा करते. हवा संपली की स्प्रिंग मोकळी होऊन ब्रेक आवळते. जॉर्ज वेस्टिंगहाउसनं १८६९ साली रेल्वेसाठी हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं तेव्हा त्याचा ब्रेक हवा असेल तरच लागायचा. पुढे १८७२ साली त्यानं गणित उलटवलं आणि हवा गेली की ब्रेक लागेल असं केलं. स्प्रिंग वेगळी, पण डोकं तेच. त्यामुळे हवा नसताना गाडी पळून जायची भीती कमी, तरी ठोकळे काढायचे नाहीत. आणि तो डबल बूस्टर कुणीही, कधीही, हौस म्हणून खोलायचा नाही. आतली स्प्रिंग बोल्टनं आवळून बांधल्याशिवाय त्याच्या झाकणाचा पट्टा सोडला तर ती माणसाचा जीव घेते. चाचांच्या शेडमध्ये खांबाला एक वाकडं झालेलं झाकण टांगलेलं आहे. नव्या पोराला चाचा आधी ते झाकण दाखवतात.

पत्रा कापला, टाकी दिसली. तेवढ्यानं भागणार नव्हतं. टाकी बसवतानाच फिरली होती. ड्रेनचं भोक सरळ खाली असायला हवं, ते घड्याळात चार वाजतात त्या जागी आलं होतं. म्हणजे कुणी कडी ओढली असती तरी भोकाच्या खालचं पाणी आतच राहिलं असतं. पण कडी ओढणार कोण? ती गंजून मेली होती. पाना लावला तर ड्रेन वाल्वचं डोकंच तुटून हातात आलं. चाचांनी उरलेला बुडखा अर्धा तास डिझेलमध्ये भिजवून, हळूहळू छिन्नीनं फिरवत काढला. मी खाली पाच लिटरचा ऑइलचा कॅन धरला होता.

आधी काहीच आलं नाही. चाचांनी तार घालून भोक मोकळं केलं आणि मग ते आलं. पाणी म्हणवत नव्हतं. दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं, चिकट, जळक्या तेलाचा वास मारणारं. कॅन भरला. दुसरा आणा म्हणेपर्यंत माझी बाही भिजली. टाकी खाली काढून तिरकी केल्यावर राहिलेलं निघालं. सगळं मिळून आठेक लिटर. टाकी वीस लिटरची. अण्णांचं 'लहान भांडं' बारा लिटरचं निघालं.

एवढं पाणी येतं कुठून, असं क्लीनर पोरानं विचारलं आणि मला नीट सांगता आलं नाही. नंतर भाच्याकडून, तो इंजिनिअरिंगला होता, हिशोब करून घेतला. तीस अंशांच्या पुरत्या दमट हवेत घनमीटरमागे साधारण तीस ग्रॅम पाणी वाफ होऊन असतं. मीटरवर सात किलो दाब म्हणजे आठ घनमीटर हवा एका घनमीटरात कोंबलेली. आठांचं मिळून दोनशे चाळीस ग्रॅम पाणी, पण थंड झाल्यावर त्या एका घनमीटर हवेला धरवतं तीसच. उरलेलं दोनशे दहा ग्रॅम टाकीत गळून पडतं. कोकणात पावसाळ्यात चार महिने लग्नं नसतात, पण गणपतीला आमची गाडी रोज खाली-वर असते. पाण्याला काय कमी?

तेल मात्र कंप्रेसरचं. पाण्यात तेल घुसळलं गेलं की असा दुधी रंग येतो. चाचांनी कंप्रेसरपासून ओल्या टाकीकडे येणारी नळी काढून मला उजेडात आरपार बघायला लावलं. करंगळीएवढ्या नळीत पेन्सिलीच्या शिशाएवढंच भोक उरलं होतं, बाकी सगळी काजळी. चुलीचं धुराडं बरं. कंप्रेसरच्या रिंगा गेल्या की तेल वर चढतं, तापलेल्या हवेत जळतं, नळीत काजळी धरते, नळी चोंदली की कंप्रेसर आणखी तापतो, आणखी तेल जळतं. आणि ती काजळी पुढे जाऊन वाल्वांच्या रबरांत बसते. आमच्या चारतोंडीत ती बसलीच होती. आधी करून बघितलेल्या एका परीक्षेत ते कळलं होतं: हवा पूर्ण भरायची, इंजिन बंद करायचं आणि फक्त ओल्या टाकीचं पाणी सोडायची कडी ओढून ती रिकामी करायची. वाल्व ठीक असतील तर मीटरचे दोन्ही काटे हलता कामा नयेत, कारण पुढच्या टाक्यांतली हवा मागे फिरू शकत नाही. आमचा लाल काटा हलला नाही. पांढरा ओल्या टाकीबरोबर खाली बसला. म्हणजे घाटात कंप्रेसरची नळी फुटली असती, तर मागच्या ब्रेकची हवाही तिच्यातूनच निघून गेली असती. हे मी वऱ्हाडातल्या कुणाला कधी सांगितलं नाही.

जुनी टाकी परत बसवावी का, यावर आमचं थोडं वाजलं. वरून रंग चांगला होता. टाकी ज्या दोन पट्ट्यांवर आवळलेली असते त्या पट्ट्यांखाली मात्र गंजाचे पापुद्रे सुटत होते. तिथं रबर नव्हतं, ओल धरून राहत होती. माझं म्हणणं, तेवढीच जागा वेल्डिंग करून घेऊ, नवी यायला चार दिवस लागतील आणि शनिवारी गाडी बुक आहे. चाचांनी हातोडीनं टाकीवर हलके ठोके मारले. वरच्या अंगाला टणटण, बुडाशी भदभद.

"ऐकलंस? बूड बोलंना झालंय. ह्याला वेल्डिंग म्या करत न्हाई, आन् तुला दुसरीकडं करूबी देणार न्हाई. प्रेशरचं भांडं हाय ते, पाण्याची बादली न्हवं. शनवारची गाडी दुसऱ्याला दे."

दिली. नवी टाकी पुण्याहून आली. जुनी मी हट्टानं करवतीनं कापली. गॅस कटर चाचांनी लावू दिला नाही, आत तेलाची वाफ असते म्हणून. दोन तास लागले आणि दोन पाती मोडली. आत बोटभर काळा गाळ होता, आणि बुडाच्या पत्र्याला एका जागी मी स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर तो आरपार गेला. कापलेलं अर्धं पुढे बरीच वर्षं आमच्या गोठ्यात कोंबड्यांना पाणी पाजायला होतं.

बाकीचं काम सांगण्यासारखं फारसं नाही. कंप्रेसरला नवं किट, नवी नळी, आणि ती टाकीकडे उतरत येईल अशी, मधे झोळ न ठेवता. झोळ राहिला की पाणी तिथं साठतं. चारतोंडी नवी. चारही टाक्यांना नवे ड्रेन वाल्व. आणि त्याच खर्चात एअर ड्रायर बसवून घेतला, जो या गाडीला मुळात नव्हता. त्याच्या डब्यात ओल शोषणारे खडे असतात, आणि हवा पुरी भरली की तो फुस्स करून शोषलेलं पाणी बाहेर टाकतो. काही मालक ड्रायर बसवला की टाक्यांकडे बघणं सोडून देतात. कंप्रेसर तेल टाकत असेल तर तेच खडे तेलानं माखतात आणि ड्रायर नुसताच फुसफुसत राहतो, म्हणून माझ्या मते आधी कंप्रेसर आणि मग ड्रायर. उलट्या क्रमानं पैसे वाया.

मग गळती. दिवसा गॅरेजच्या आवाजात काही ऐकू येत नाही, म्हणून रात्री दहाला, सगळं शांत झाल्यावर. हवा भरून इंजिन बंद. आधी पेडल सोडून ऐकायचं, मग पेडल दाबलेलं ठेवून. पेडलवर काठी टेकवून तिचं दुसरं टोक सीटला अडकवलं की माणूस लागत नाही. पहिल्या वेळी सगळं गप्प. पेडल दाबल्यावर मागच्या उजव्या बूस्टरपाशी बारीक सूं. साबणाचा फेस लावला, बुडबुडे नळीच्या जोडाला आले, जोडातली कडी, फेरूल, नवी टाकली, थांबलं. शेवटी इंजिन बंद ठेवून मी पेडल मारत बसलो आणि पांढरा काटा किती मारांत कुठं येतो ते मोजलं. घाटातल्या त्या दिवसाच्या दुप्पट वेळा पाय मारल्यावर बझर झाला. अण्णा बाहेर खुर्ची टाकून बसले होते, ते म्हणाले, "आता आलं भांडं जागेवर."

पुढच्या महिन्यात पासिंगला गाडी गेली. साहेबांनी ब्रेक मारायला लावला, बझर वाजवून बघितला, मीटर बघितलं. खाली वाकून टाक्या मोजल्या नाहीत. मोजल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

डिकीचा कापलेला पत्रा मी परत वेल्ड करू दिला नाही. त्या जागी चौकोनी झाकण केलं, दोन पंखवाल्या नटांवर, पान्याशिवाय हातानं उघडेल असं. ड्रेनच्या कडीला तार बांधून ती डिकीच्या काठापर्यंत आणली. पाणी कधी सोडायचं यावर आमच्यात दोन पंथ होते. अण्णा सकाळवाले, कारण रात्रभरात थंड होऊन सगळं पाणी बुडाशी बसतं. चाचा संध्याकाळवाले, कारण पाणी रात्रभर आत ठेवायचंच कशाला, गंज काय दिवसाच धरतो? मी दोन्ही वेळेला सोडायला लागलो, म्हणजे दोघांनाही आपण जिंकलो असं वाटलं. ड्रायर लागल्यावर बहुतेक दिवस नुसती कोरडी हवाच यायची. ज्या दिवशी ओलं दिसलं त्या दिवशी खड्यांचा डबा बदलायची वेळ आली असं समजायचं.

झाकणाच्या आतल्या बाजूला मी ऑइल पेंटनं लिहून ठेवलं होतं: 'इथे टाकी आहे. रोज पाणी सोडा.' खाली बाण. क्लीनर बदलत राहतात, प्रत्येकाला सांगायला आपण असतोच असं नाही.

२०१७ मध्ये गाडी विकली. घेणारा पाटण बाजूचा तरुण पोरगा, पहिलीच गाडी. त्यानं टायर बघितले, इंजिनचा आवाज ऐकला, सीट मोजल्या. मग डिकी उघडून आत वाकला, झाकण काढलं, बाण वाचला आणि मान बाहेर काढून मला म्हणाला, "दादा, पाण्याची टाकीबी बसवलीय व्हय? प्यायचं हाय का हात धुवायचं?"

मी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि त्याला म्हणालो, "ये खाली."